नांगर कुठे टाकायचा?

वाचक मुलीचं पत्र लांब होतं. थोडक्यात देते, नाव गाळून:

"ताई, मी एकवीस वर्षांची आहे, प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घर मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. बाबा आधी मासेमारी करायचे, आता त्यांची होडी पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेते. मला प्रवाळांचा अभ्यास करायचा आहे. आजी विचारते, पोवळी शोधायला जाणार काय? पण माझे खरे प्रश्न वेगळे आहेत. कुठे शिकू? पैशांचं काय? खोल गेलं की माझे कान दुखतात, मग हे काम मला जमेल का? आणि मी शिकून तयार होईपर्यंत प्रवाळ उरतील का? अजून एक. बाबा नांगर सरळ खडकावर टाकतात. गेल्या हिवाळ्यात मी पाण्याखाली बघितलं, नांगराने ताटाएवढं प्रवाळ उखडलं होतं. मी बोलले तर म्हणाले, 'खडकार नांगर टाकूचो नाय तर टाकूचो खंय?' माझी फी त्याच होडीवर भरली जाते. पुढे काय बोलायचं ते मला कळलं नाही."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नांगराचं तू शेवटी, जाता जाता लिहिलं आहेस. मला तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी "उरतील का" याचं उत्तर देते. ते टाळून बाकीचा सल्ला देणं तुझी फसवणूक होईल.

प्रवाळाचा एकेक जीव म्हणजे तोंडाभोवती बारीक शुंडकं असलेली इवलीशी पिशवी. तो स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतो. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि प्रवाळाचं पोट मुख्यतः त्याच्यावर भरतं. आपल्याला दिसणारा रंगही बराचसा त्या शैवालाचा. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखादाच अंश गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं, की ही भागी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. हे ब्लीचिंग. त्या क्षणी प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतं.

आता आकडे. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी उष्ण समुद्रांतली प्रवाळं आणखी ७० ते ९० टक्क्यांनी घटतील, आणि दोन अंशांवर गेली तर ९९ टक्क्यांहून अधिक. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. जानेवारी २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसावी लागल्याचं नोंदलं गेलं. तू ज्या खात्यात शिरू पाहते आहेस तिथे हे असं आहे. तरीही ये असं मी म्हणते, आणि का म्हणते ते १९९८ च्या गोष्टीतून सांगते.

१९९७ च्या डिसेंबरात मी प्रकल्पावरची मदतनीस म्हणून लक्षद्वीपच्या एका बेटावर गेले. वय चोवीस. काम सोपं होतं. ५० मीटरची टेप प्रवाळावर अंथरायची आणि टेपखाली काय काय येतं ते स्लेटवर शिसपेन्सिलीने लिहीत जायचं. इथे जिवंत प्रवाळ, इथे मेलेलं, इथे शेवाळ, इथे वाळू. मी ते मनापासून केलं. पण टेपची दोन्ही टोकं जिथे होती तिथे लोखंडी खुंट्या ठोकल्या नाहीत. परत इथेच यायचंय, हे डोक्यातच नव्हतं. मे ९८ मध्ये परत गेले तेव्हा तेच पाणी, आणि खाली सगळं नुकताच चुना मारलेल्या घरासारखं पांढरं. त्यानंतरच्या महिन्यांत त्याच सांगाड्यांवर मळकट हिरवं शेवाळ चढलं. माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, "आधी किती होतं?" माझ्याकडे आकडे होते, पण ते नेमके याच जागेचे आहेत असं मी शपथेवर सांगू शकले नाही. माझ्याकडे "आधी" नव्हतं. ती खंत इतक्या वर्षांनीही गेलेली नाही.

ज्यांनी ते काम नीट केलं त्यांच्याकडे बघ. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमधले रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून लक्षद्वीपला परत परत जात राहिले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या २४ वर्षांच्या नोंदींतून त्यांनी दाखवलं, की जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं ते २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा वाईट आहे. पण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. ब्लीचिंगशिवाय सलग सहाएक वर्षं मिळाली, की प्रवाळांची भरपाई वेग धरते. आणि सगळी प्रवाळं एकसारखी वागत नाहीत. लाटा कुठल्या बाजूने येतात, पाणी किती खोल आहे, यावर कुणी तगायचं आणि कुणी जायचं ते बरंच ठरतं. वाचवायला कुठे आधी जायचं हे अशा नोंदींशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

म्हणून तू तयार व्हायची वाट बघू नकोस. तुझ्या दारात समुद्र आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. लक्षद्वीपसारखी प्रवाळांची मैलोन्मैल भिंत तिथे नाही. खडकांवर ठिकठिकाणी वाढलेली, गढूळ पाणी आणि पावसाळ्याचा मारा सोसणारी प्रवाळं आहेत. अशा प्रवाळांकडे बरीच वर्षं फारसं कुणी बघत नव्हतं, कारण ती फोटोत देखणी येत नाहीत. ती गढूळ पाण्यात कशी तगतात, हाच आज अभ्यासाचा मोठा विषय आहे. त्यांचं "आधी" तुला लिहून ठेवता येईल.

एकच खडक निवड. वडिलांच्या होडीने सहज पोहोचता येईल, कमी खोल असेल असा. त्यावरची दहा-बारा प्रवाळं ठरव आणि दर महिन्याला त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी धरून, त्यांचे फोटो काढ. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाने रंगांच्या छटांचा एक साधा तक्ता बनवला आहे. प्रवाळाशेजारी तो धरायचा आणि कुठली छटा जुळते ते लिहायचं. हात लावायची गरज नाही. पाण्याचं तापमान, भरती की ओहोटी, पाणी किती स्वच्छ, हे दर वेळी लिही. एप्रिल-मे चुकवू नकोस, पाणी तेव्हाच सगळ्यात तापतं. पावसाळ्यात काम बंदच राहील. त्यानंतरची पहिली फेरी महत्त्वाची, पावसाने काय केलं ते तिच्यात कळतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला, किनाऱ्यावर पडलेलासुद्धा, घरी आणायचा नाही. भिंती बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. कॉलेजचा प्रकल्प म्हणून रीतसर अभ्यास करायचा असेल तर प्राध्यापकांमार्फत वनविभागाची परवानगी घे. आणि आजीला सांग, अंगठीतलं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. तो तांबडा प्रवाळ वेगळाच, त्याच्या अंगात हे शैवाल नसतं आणि तो भिंतीही बांधत नाही. आजीने विचारलं ते बरंच झालं. हा फरक मला कितीतरी पदवीधरांना समजवावा लागला आहे.

आता कान. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. बऱ्याचदा दाब सारखा करायची रीत चुकलेली असते. दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकण्यात अर्थ नसतो. उतरायला सुरुवात करतानाच, दर दोन-तीन फुटांना, हळूवार दाब सारखा करायचा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तुझ्या घराजवळच. तिथे शिक, आणि कान दुखत असताना खाली जायची जबरदस्ती स्वतःवर कधीही करू नकोस.

आणि समजा डायव्हिंग जमलंच नाही, तर? चार्ल्स डार्विनने प्रवाळद्वीपं कशी तयार होतात याची कल्पना दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना मांडली, तेव्हा त्याने खरी प्रवाळभित्ती पाहिलेलीही नव्हती. बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ वर वर वाढत राहतं, असं त्याचं म्हणणं. शंभरहून अधिक वर्षांनी, १९५२ मध्ये, प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटावर खोल छिद्रं पाडली, तेव्हा बाराशे ते चौदाशे मीटर चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विनचं खरं ठरलं. आज प्रवाळांवर काम करणाऱ्यांतले कितीतरी जण उपग्रहांनी मोजलेल्या तापमानावर, जनुकांवर, प्रवाळाच्या सांगाड्यातल्या झाडासारख्या वार्षिक पट्ट्यांवर काम करतात. कच्छच्या आखातात तर मोठ्या ओहोटीला प्रवाळं उघडी पडतात, वाटाड्या घेऊन माणूस चालत जातो. मी पहिलं जिवंत प्रवाळ तिथेच पाहिलं, घोटाभर पाण्यात उभी राहून.

याच्या उलट चार्ली व्हेरॉन. या ऑस्ट्रेलियन माणसाने पीएच.डी. केली ती चतुर या कीटकांवर. डायव्हिंगची हौस होती म्हणून १९७२ मध्ये त्याला ग्रेट बॅरिअर रीफवर संशोधनाचं काम मिळालं. समुद्री जीवशास्त्राचा वर्गही त्याने कधी केला नव्हता. पुढे प्रवाळांच्या वर्गीकरणात त्याच्याएवढं काम क्वचितच कुणी केलं. या क्षेत्रात माणसं आडवाटांनीही पोहोचतात. तुझ्या वाटेत समुद्र मुळातच आहे.

अजून एक उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं. बहुतेक प्रवाळं पिलं पोटात वाढवून सोडतात, असा शास्त्रज्ञांचा बराच काळ समज होता. १९८१ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या मॅग्नेटिक बेटापाशी जेम्स कुक विद्यापीठातले विद्यार्थी रात्रीचे पाण्यात उतरत राहिले. त्यांना दिसलं, की पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री कित्येक जातींची प्रवाळं एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. १९८४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि तो समज मोडला. ही मुलं तुझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. त्यांनी केलं काय, तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं.

कुठे शिकायचं ते थोडक्यात सांगते, कारण ही माहिती प्रवेशाच्या वेळी तुला ताजी काढावीच लागेल. गोवा विद्यापीठ घराजवळचं. कारवारलाही सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत परंगीपेट्टईचं अण्णामलई विद्यापीठाचं केंद्र, दोन्ही जुनी आणि चांगली. पाँडिचेरी विद्यापीठाचा विभाग पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) आहे, तिथे प्रवाळं दाराशी. मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांसाठी तुतिकोरिनची सुगंती देवदासन संस्था बघ. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना सरळ ईमेल कर आणि उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थी म्हणून घ्याल का विचार. पत्रात "मला समुद्राची आवड आहे" असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. "मी सात महिने एका खडकाचे फोटो घेतले आहेत, सोबत जोडले आहेत" असं लिही.

एम.एस्सी. करताना संख्याशास्त्र शिक, मन लावून शिक. संगणकावर आर ही भाषा शिक, फुकट मिळते. तुझी पोहण्याची सवय एखाद्या मुंबईकर मुलीला दोन वर्षांत येईल. आकड्यांची भीती मात्र नंतर फार महागात पडते.

पैसे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, हा दर २०२३ पासूनचा. पीएच.डी.ची पाच वर्षं त्यावर निघतात. त्याआधी प्रकल्प सहाय्यक म्हणून कमी पगारावर आणि अनिश्चिततेत दोन-तीन वर्षं जाऊ शकतात. कायमच्या नोकऱ्या कमी आहेत. घरी हे सगळं आधीच सांग, म्हणजे नंतर कुणाला तोंड चुकवायला नको.

प्रवाळांचे तुकडे लावून भित्ती परत उभी करतो, अशा जाहिराती तुला दिसतील. असं काम मन्नारच्या आखातात गांभीर्याने होतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडात पाणी इतकं तापलं, की सोम्ब्रेरो नावाच्या भित्तीवर कित्येक वर्षं खपून लावलेली प्रवाळं उरली नाहीत. आधीची कारणं दूर न करता केलेली लागवड अशी जाते. तुझ्या खडकावर अशा कारणांपैकी एक कारण म्हणजे नांगर.

बाबांचं वाक्य तुला टोमण्यासारखं लागलं असेल. मी ते खरोखरचा प्रश्न म्हणून वाचते. नांगर खडकावर टाकायचा नाही, तर टाकायचा कुठे? चार पर्यटक होडीत, वारा सुटलेला, आणि होडी जागेवर राहायला हवी. "टाकू नका" हे उत्तर होत नाही.

उत्तर आहे, आणि जुनं आहे. फ्लोरिडातल्याच की लार्गो इथल्या अभयारण्यात जॉन हालास या जीवशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मेलेल्या खडकात भोक पाडून, सिमेंटने घट्ट बसवलेली स्टेनलेस स्टीलची कडी वापरायला सुरुवात केली. कडीला दोर, दोराला तरंगता बोया. होड्या येतात, बोयाला बांधतात, नांगर पाण्यात जातच नाही. जगात कितीतरी ठिकाणी आज हे केलं जातं. अभयारण्याच्या हद्दीत असं काही बसवायला परवानगी लागेल, आणि ती एका होडीवाल्याने मागण्यापेक्षा सगळ्या होडीवाल्यांनी मिळून मागितलेली बरी. त्या अर्जासोबत तुझे फोटो असतील, उखडलेल्या जागेचे, तारखेसकट. परवानगी नसताना मनानेच सिमेंटचे ठोकळे मात्र कुणी टाकू नयेत, त्यांच्याखालीही प्रवाळच चिरडतं.

परवानगी मिळेपर्यंत दोर लांब घ्या आणि नांगर वाळूत टाका. वाळू कुठे आहे ते मास्क लावून आधी तू बघून सांग. समुद्र शांत असेल तेव्हा एकाने होडी धरून ठेवली तरी चालतं. पर्यटकांना खडकावर पाय टेकू नका हे पाण्यात उतरायच्या आधी सांगायला हवं, पाण्यात गेल्यावर ऐकू येत नाही. माशांना पाव टाकणंही बंद करा. पावासाठी गोळा होणारे मासे आपलं नेहमीचं खाणं सोडतात, आणि खडकावरचं शेवाळ खाऊन तो साफ ठेवायचं काम त्यांच्यातल्याच काही जातींचं असतं.

हे सगळं बाबांना गिऱ्हाइकांसमोर सांगू नकोस. रात्री जेवताना, तेही एकदम सगळं नको. सुरुवात विचारण्याने कर. तुम्ही मासेमारी करत होता तेव्हा या खडकावर शेवंड किती मिळायची? गोबरे कुठल्या दिवसांत जमायचे? कुठली बाजू आधी जिवंत होती? मी तिशीत असताना एका बेटावर मच्छीमारांपुढे तासभर बोलले, तक्ते दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एका म्हाताऱ्या नाखव्याने एकच विचारलं, "तुम्ही परत कधी येणार?" मला सांगता आलं नाही, आणि त्या तासाचा काही उपयोग झाला नाही. त्या बेटाला माझ्याहून चांगलं ओळखणारी माणसं समोर बसली होती आणि मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. मालवणचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हाही मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला. घरातली मोठी माणसं तुला सांगतील. तो विरोध नीट ऐकून घे, समुद्राच्या रक्षणाबद्दल त्यातून बरंच शिकायला मिळेल. लक्षद्वीपच्या बित्रा बेटाजवळ ऋचा करकरे यांनी गोबऱ्यांच्या जमावाचा अभ्यास केला. विणीसाठी हे मासे कधी आणि कुठे जमतात, ही गोष्ट तिथल्या मच्छीमारांच्या जगण्याशी जोडलेली आहे. असं काम मच्छीमारांशी बोलल्याशिवाय होत नाही.

आणि फी त्या होडीवर भरली जाते म्हणून गप्प बसू नकोस, किंवा अपराधीही वाटून घेऊ नकोस. खडक गेला तर होडीचा धंदाही जाईल, हे बाबांना तुझ्याआधी कळलेलं असणार. त्यांना दुसरी जागा कुणी दाखवली नाही, एवढंच.

पावसाळा संपून पाणी निवळलं, की पहिल्या फेरीला बाबांनाच घेऊन जा. स्लेटवर वर तारीख, वेळ, पाण्याचं तापमान लिही. त्याखाली खडकाचं नाव. नकाशावर ते नसेल. होडीवाले त्याला काय म्हणतात ते बाबांना विचार आणि त्यांनी सांगितलं तसंच लिही.